लिंबावरच्या सात अळ्या

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आंबोलीला जातोय म्हटल्यावर तिघांनी तोच प्रश्न विचारला, "आता तिथे काय आहे? पाऊस तर नाही." आंबोली म्हणजे पाऊस, धुकं आणि धबधब्याखाली ओरडणारी गर्दी, असं समीकरण होऊन बसलंय. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं ते गाव बाकीचे आठ महिने करतं तरी काय, हे विचारायला कुणाला सवड नसते. आम्ही त्या आठ महिन्यांतले सहा दिवस मागून घेतले होते.

आम्ही म्हणजे ताई आणि मी. ताई फुलपाखरांच्या मागे असते, मी पक्ष्यांच्या. ती खाली बघत चालते, मी वर. आई म्हणते, तुम्ही दोघी मिळून एक पुरतं माणूस होता. प्रत्यक्षात दोघी मिळून एक न संपणारं भांडण होतो. पहाटे साडेपाचला मला जंगलात असायचं असतं आणि ताईची फुलपाखरं ऊन चढल्याशिवाय पंख उघडत नाहीत. साडेदहाला माझे पक्षी गप्प होतात, तेव्हा कुठे तिचा दिवस सुरू होतो. त्यामुळे आमच्या सहलीत जेवायला वेळ नसतो.

पहिला दिवस

सावंतवाडीहून घाट चढून वर आलो तेव्हा दुपार कलली होती. समुद्रसपाटीपासून सातशे मीटर उंची म्हणजे काही फार नाही, पण खालच्या घामट हवेतून आल्यावर खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

घाटात दोनदा गाडी थांबवली. एकदा मी, पांगाऱ्यावर भांडणाऱ्या कोतवालासाठी. एकदा ताईने, वळणावरच्या कुसुंबासाठी. कुसुंब या दिवसांत बघावा. सगळं झाड लालभडक, आणि लांबून कुणीही फुलं समजावीत अशी ती पानं. कोवळी, तकतकीत, अजून हिरवेपणा न आलेली. ताई म्हणाली, "वसंत म्हणजे फुलं हे तुम्हा पक्षीवाल्यांचं. माझा वसंत पालवीचा." अळीला जून पान चावत नाही. मादी अंडी घालते ती बहुधा कोवळ्या पानांवर, शेंड्याकडे. फुलपाखरू फुलावर दिसतं म्हणून आपण फुलांकडे बघत राहतो, पण ज्याला पुढचं वर्ष बघायचंय त्याने पानं बघावीत.

मी होकार दिला नाही. पहिल्याच दिवशी कशाला.

संध्याकाळी गावाबाहेरच्या सड्यावर फिरलो. करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, वास अंगावर येणारा. अंधार पडताना पायाशी वाळक्या पानांतून एक पान उठलं, चार हात उडालं आणि पुन्हा पानांत पडून नाहीसं झालं. ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखरू. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे असतात, उन्हाळ्यातल्या पिढीत ते पुसट होतात किंवा उरतच नाहीत. अळी वाढत असताना हवा कशी होती त्यावर हे ठरतं. हिरव्या गवतात डोळे दाखवून दचकवायचं, वाळक्या पाचोळ्यात पाचोळा होऊन राहायचं. एकाच जातीची दोन सोंगं. ताई गुडघ्यावर बसून दहा मिनिटं ते पान शोधत होती. मिळालं नाही.

दुसरा दिवस

सकाळी हिरण्यकेशी. नदीचा उगम एका गुहेतून, त्यावर महादेवाचं देऊळ. इथल्या कुंडातल्या एका छोट्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं ते २०२० साली, नदीच्याच नावावरून. दुसऱ्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एवढ्याशा माशासाठी एवढी मोठी पाटी, हे मला आवडलं.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एका वाळक्या फांदीतून लाकडाचा चुरा पडत होता. वर बघितलं तर पांढऱ्या गालाचा तांबट भोकात डोकं घालून काम करत होता. चोचीने टोकरायचं, मागे सरायचं, तोंडातला भुसा झटकायचा, पुन्हा आत. अर्धा तास बघितलं. भोक अजून त्याच्या मानेएवढंच खोल होतं. सुतारपक्ष्याकडे या कामाला साजेशी हत्यारं असतात. याच्याकडे फळं खायची जाड चोच, तरी मेलेल्या मऊ लाकडात तो घर कोरतो. गावाजवळच्या बागांत "वाळकी फांदी बरी दिसत नाही" म्हणून तोडतात, तेव्हा काय तुटतं ते तोडणाऱ्याला कळत नाही.

घरटं कसं शोधायचं, हे मला ताई दर वेळी विचारते आणि दर वेळी विसरते. घरटं शोधायचं नसतं. झाडी धुंडाळत फिरलं तर घरटी सापडत नाहीत, सापडली तर मोडतात. एका जागी बसायचं आणि पक्ष्याच्या तोंडात काय आहे तेवढं बघायचं. काडी, कापूस, कोळ्याचं जाळं असेल तर बांधकाम चालू आहे. अळी किंवा किडा तोंडात धरून पक्षी तो गिळत नसेल, इकडेतिकडे बघत थांबला असेल, तर पिल्लं आहेत आणि त्याला तुमची अडचण होते आहे. तोंडात पांढरी पुरचुंडी घेऊन बाहेर पडत असेल तर ती पिल्लांची विष्ठा. घरट्याला वास सुटू नये, माग लागू नये म्हणून ती लांब नेऊन टाकतात.

या नियमाने शिंजिराचं घरटं मिळालं. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी कोळ्याचं जाळं चोचीला गुंडाळून आली आणि रस्त्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाशी गेली. तिथे एक मळकट लोंबती पिशवी. लांबून बघितलं तर झाडात अडकलेला कचरा वाटावा. नर शेजारच्या फांदीवर बसून चकाकत होता. कामाला हात म्हणून लावत नव्हता. या जातीत बांधकाम मादीचंच. दुर्बिणीतून पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बघितलं तर सालीचे कपटे, वाळकी फुलं आणि काळपट बारीक दाणे चिकटवलेले दिसले.

"हे काय आहे माहितीये?" मी दुर्बीण ताईकडे दिली.

तिने बघितलं आणि जोरात हसली. "अगं, ही तर माझ्या अळ्यांची शी!"

खरंच होतं ते. अळ्यांच्या विष्ठेचे वाळलेले दाणे जाळ्यात गुंफून घरट्याला लावलेले. शिंजीर आपण मध पिणारा पक्षी म्हणून ओळखतो, पण पिल्लांना तो किडे, कोळी, अळ्याच भरवतो. नुसत्या मधावर पिसं येत नाहीत. म्हणजे घरट्याच्या बाहेर अळीची विष्ठा आणि आत खुद्द अळी. ताईचं हसू हळूहळू कमी झालं.

परतताना मात्र तिची बाजू वर आली. एका आंब्यावर बांडगुळाचा झुबका होता आणि त्याभोवती हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. इंग्रजीत कॉमन जेझबेल, पण पंखांखालचा पिवळा आणि कडेचे लाल ठिपके बघितल्यावर मराठी नावापुढे ते फिकं पडतं. याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात. मादी एकेक अंडं न घालता पुंजका घालते आणि अळ्याही घोळक्याने खातात. आता बांडगूळ झाडावर येतं कसं? फुलटोचा त्याची फळं खातो. बी चिकट असते, शेपटाकडून सहजासहजी सुटत नाही, म्हणून तो फांदीला अंग घासून ती पुसून टाकतो. तिथेच बी रुजते. अंगठ्याएवढा पक्षी फुलपाखराची शेती लावतो आणि बागायतदार दोघांच्या नावाने खडे फोडतो.

दुपारी घाट उतरून पायथ्याच्या पारपोलीला आलो. आंबोलीच्या खालचं हे गाव फुलपाखरांसाठी ओळखलं जाऊ लागलंय. व्हाळ म्हणजे ओढा, बागायत आणि घाटाचं दाट रान एकमेकांना लागून असल्यावर फुलपाखरांना आणखी काय हवं? ज्या घरी उतरलो त्यांच्या परसात कागदी लिंबाचं झाड होतं. ताई पिशवी ठेवायच्या आधी तिथे पोचली.

"सात!" आतूनच ऐकू आलं.

सात अळ्या. त्यातल्या तीन लहान, काळपट-पांढऱ्या, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. पक्ष्याने खाऊ नये म्हणून पक्ष्याची विष्ठा व्हायचं, हे सोंग ज्याने पहिल्यांदा ओळखलं असेल त्याला नमस्कार. चार मोठ्या, पानासारख्या हिरव्या, खांद्यावर डोळ्यांसारख्या खुणा असलेल्या. ताईने एकीला काडीने हलकेच डिवचलं. डोक्यामागून लाल दुभंगी जीभ बाहेर आली आणि एक आंबूस, उग्र दर्प सुटला. जीभ नव्हेच ती, वासाचं हत्यार. नीलवंत की साधा मॉरमॉन, हे ताई छातीठोक सांगेना. दोन्ही फुलपाखरं लिंबाच्याच कुळावर वाढतात आणि अळ्या सारख्याच दिसतात.

घरच्या काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लिंबाचो पालो खातत ते किडे बगूक आयलात तुमी? मी तर दिसल्यार चिरडून टाकतंय."

ताईने मग त्यांना सांगितलं की नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ते ठरवलं आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. काकूंनी अळीकडे नीट वाकून बघितलं. सरकारी माणसाकडे बघावं तसं.

तिसरा दिवस

काकूंचा मुलगा आम्हाला रानात घेऊन गेला. तो वाटाड्याचं काम करतो, कमी बोलतो आणि कानाने बघतो. मी चाललेय तिथे दोन पक्षी, तो थांबला की पाच.

वाटेत एका ऐनाच्या झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं, फुटबॉलएवढं. काळ्या मुंग्यांचं घर. या मुंग्या चिडल्या की शेपटाकडचा भाग पाठीवर उचलून धावतात. गोळ्याच्या मध्यावर गोल भोक होतं. "थांबा," तो म्हणाला. वीस मिनिटं थांबलो. मग विटकरी रंगाचा सुतारपक्षी आला, गोळ्याला बिलगला आणि त्या भोकात शिरला. मुंग्यांच्या चालू घरात!

तांबूस सुतार हेच करतो. या मुंग्या तो खातो आणि त्यांच्याच घरात खोली कोरून अंडीही घालतो. मुंग्या त्याला का सहन करतात, यावर मुलाने एक आणि ताईने दुसरं कारण सांगितलं. दोन्ही मला पटली नाहीत. मी आपलं बघत राहिले. माणसाचं बोट लागलं तर कडकडून चावणाऱ्या त्या मुंग्यांच्या गराड्यात पक्षी निवांत आत-बाहेर करत होता.

पुढे दाट सावलीच्या ओढ्याकाठी मी विचारलं, "बेडूकमुख्या मिळेल?" सगळी तयारी त्याच्यासाठीच होती. बेडूकमुख्या सह्याद्रीतल्या दाट जंगलातला निशाचर. दिवसा डोळे मिटून, चोच वर करून बसला की मोडक्या फांदीशी तंतोतंत जुळतो. याच दिवसांत तो वीण करतो. वितीएवढंही नसलेलं घरटं, स्वतःच्या मऊ पिसांचं, बाहेरून साल आणि दगडफूल लावलेलं. त्यात एकच अंडं. दिवसभर त्यावर नर बसतो.

मुलाने थोडा वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "ताई, पक्षी सापडला तर दाखवतो. घरटं माहीत आहे, पण नाही दाखवणार."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? सहाशे किलोमीटर आले होते. पण त्याने पुढे जे सांगितलं ते ऐकून तो गिळला. काही वर्षांपूर्वी एका घरट्यासमोरच्या फांद्या फोटोसाठी दोरीने बांधून बाजूला केल्या होत्या. फोटो झाले, दोरी सोडायची राहिली. सावली गेली. पक्ष्याने अंडं टाकलं. "एकच असतं ना," तो म्हणाला.

बेडूकमुख्या त्या दिवशी दिसला नाही. नंतरही नाही.

ताईचंही मलबार ट्री निम्फ राहिलं. कागदाचा तुकडा वाऱ्यावर सोडावा तसं उंच झाडांमधून तरंगणारं ते फुलपाखरू तिने इतक्यांदा वर्णन करून सांगितलंय की मला ते बघितल्यासारखंच वाटतं. दोघी सारख्याच उपाशी परतलो आणि त्या दिवशी भांडण झालं नाही.

लिंबावर संध्याकाळी मोजल्या तर सहा.

चौथा दिवस

मुक्काम व्हाळावर. पाणी आटत आलेलं, मध्ये मध्ये डबकी, कडेला ओली वाळू. नऊच्या सुमाराला पहिलं ब्लूबॉटल फुलपाखरू उतरलं. साडेदहाला तिथे निळ्या-हिरव्या शिडांचा तांडा होता. ब्लूबॉटल, कॉमन जे, मध्येच पांढरे अल्बाट्रॉस, पिवळे एमिग्रंट. पंख मिटून सगळे एका दिशेला तोंड करून सोंड वाळूत खुपसलेले. काही तर एका टोकाने पाणी ओढत होते आणि दुसऱ्या टोकाने थेंब थेंब सोडत होते.

याला चिखलपान म्हणतात. इथे येणारे बहुतेक नर. त्यांना पाणी नको असतं, पाण्यातले क्षार हवे असतात, मुख्यतः मीठ. पानांत आणि मधात ते फार थोडं. नर ते साठवतो आणि मीलनात मादीला देतो, ते पुढे अंड्यांत उतरतं. ताई वाळूवर पालथी पडली होती आणि तिच्या घामेजल्या मनगटावर एक कॉमन जे सोंड लावून बसलं होतं. तिने हात हलवला नाही. पाऊण तास. माझ्या वाढदिवसाला ती एवढा वेळ थांबलेली मला आठवत नाही.

मी वरच्या बाजूला व्हाळाचा तुटका काठ बघत होते. भुसभुशीत मातीत वेड्या राघूंनी बिळं खणायला घेतली होती. एकजण पायाने माती मागे उडवायचा, दुसरा तारेवरून देखरेख करायचा. मग तो तारेवरचा सुटला, व्हाळावर एक गिरकी घेतली, आणि परत बसला तेव्हा त्याच्या चोचीत निळं-हिरवं काहीतरी फडफडत होतं. त्याने ते तारेवर दोनदा आपटलं. एक पंख गोल गोल फिरत खाली आला.

ताईने मान वर केली नव्हती. मी सांगितलं नाही.

पण तिला कळायचं होतंच. दुपारी चार वाजता परसात चहा घेत बसलो होतो. लिंबापासून दहा पावलांवर जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना गडगा, अर्धा ढासळलेला. त्याच्या फटीत दयाळाचं घरटं आहे, हे मी पहिल्याच संध्याकाळी हेरलं होतं. नर पहाटे चारपासून कौलांवर बसून गायचा आणि दोघंही फटीत ये-जा करायचे. आत पिल्लं होती. त्यांचा बारीक चिरचिराट दुपारच्या शांततेत इथवर यायचा.

मादी लिंबावर उतरली. राखाडी, शेपूट उभी. मान तिरकी करून तिने पानांच्या खालून बघितलं. हिरवी अळी पानाच्या मधोमध, पानच होऊन बसलेली. दयाळ पुढच्या फांदीवर गेली, परत आली, आणि टोचलं. लाल हत्यार बाहेर आलं, दर्पही सुटला असणार. तिने अळी फांदीवर घासली, आपटली, पुन्हा घासली आणि गडग्याकडे उडाली. चिरचिराट एकदम वाढला, मग थांबला.

ताईच्या हातातला कप तसाच होता.

"तू हिला हाकलू शकली असतीस," ती म्हणाली.

"तू काल म्हणालीस तसं? पक्ष्यांमध्ये ढवळाढवळ नको म्हणून?"

"ते घरट्याबद्दल होतं."

"हे पण घरट्याबद्दलच आहे."

यावर आमचं अर्धा तास वाजलं. मी म्हटलं, एका मादीने घातलेली सगळी अंडी फुलपाखरं झाली तर झाडावर पान उरणार नाही. ती म्हणाली, हे मला शिकवू नकोस, मला हिशेब नको होता, ती अळी हवी होती. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण गेल्या वर्षी आमच्या गच्चीवरच्या बुलबुलाचं पिल्लू कावळ्याने नेलं तेव्हा मीही अगदी असंच काहीतरी बोलले होते, आणि तेव्हा हिशेब तिने सांगितला होता.

अंधार पडायच्या आत तिने मोजलं. तीन. काकू दारातून बघत होत्या. "मी नाय हां," त्या घाईने म्हणाल्या.

पाचवा दिवस

पहाटे साडेचारला निघून दोडामार्गाकडे. तिलारीचं रान २०२० साली संवर्धन राखीव झालं, २९.५३ चौरस किलोमीटर. आकड्यातून काही कळत नाही. धरणाच्या कडेने जाताना डावीकडे नजर पोचेल तिथवर हिरवं आणि उजवीकडे डोंगर कापून लावलेली एकसुरी लागवड बघितली की तो आकडा किती लहान आहे ते कळतं.

आमचं काम एका बेहड्याशी होतं. जागा सांगत नाही. मुलाने आम्हाला सत्तर-ऐंशी पावलं लांब, करवंदीच्या आड बसवलं आणि बोलायचं नाही असं बजावलं. बेहड्याच्या खोडात, दोन पुरुष उंचीच्याही वर एक ढोली. तोंड लिंपून घेतलेलं, मध्ये उभी चीर. त्या चिरेत मधूनच काहीतरी पांढुरकं हलायचं. मलबारी कवड्या धनेशाच्या मादीची चोच.

या भागात धनेशाला ककणेर म्हणतात. आदल्या रात्री काकूंनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, "बायल भितर आसा, घोव खावक आणून घालता." मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा चोथा यांनी दार लिंपून घेते. चिरेएवढी जागा ठेवते. आत अंडी उबवताना तिची उडायची पिसं गळतात आणि नवी येतात. म्हणजे तितके आठवडे ती उडूच शकत नाही. नराला काही झालं तर आत उपासमार.

दीड तास काही नाही. मग आधी आवाज आला. पंखांचा, घसघस, दूरून येणाऱ्या जुन्या इंजिनासारखा. पांढरं पोट, काळे पंख, पिवळ्या चोचीवर काळा डाग असलेलं शिंग. तो थेट ढोलीवर आला नाही. शेजारच्या झाडावर बसून त्याने पाच-सहा मिनिटं चहूकडे बघितलं. आमच्याकडेही. मी श्वास धरला. मग बेहड्याच्या खोडाला बिलगून त्याने मान ताणली आणि घशातून एक उंबर वर आणलं, चोचीच्या टोकाशी नाजूक धरलं आणि चिरेत दिलं. पुन्हा एक. पुन्हा एक. मी मोजत होते. उंबरं एकोणीस. मग एक नारिंगी, काजऱ्याचं असावं. काजऱ्याची बी जहरी, पण धनेश त्याचा गर खातो. शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, त्याने चोचीच्या टोकावर काहीतरी हिरवं, वळवळणारं धरलं.

ताईने माझा दंड दाबला. अळी होती की छोटा सरडा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चिरेतल्या चोचीने ते घेतलं.

"घेऊ दे," ताई पुटपुटली. "आत बसलीये बिचारी."

तो गेल्यावर आम्ही पाऊण तास तसेच बसून राहिलो, तो आणखी एकदा येऊन गेला, आणि मग मुलाच्या खुणेसरशी वाकून मागे फिरलो. बेहड्याच्या पायथ्याशी मी गेले नाही. तिथे पडलेल्या बियांतून काय काय उगवलंय ते बघायची फार इच्छा होती.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. विजेरी घेऊन ताई लिंबाकडे गेली. एक. मोठी, हिरवी, खाणं थांबवलेली. पिवळट दिसत होती. ताई म्हणाली, ही आता जागा शोधायला निघेल.

सहावा दिवस

सकाळची गाडी होती. ताई माझ्याही आधी उठली. लिंबावर काहीच नव्हतं. तिने पानं वर-खाली केली, खोड बघितलं, झाडाखालची वाळकी पानं उलटली. दयाळाचा नर कौलावर गात होता आणि तिने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला वाचता आली.

पिशव्या गाडीत ठेवून झाल्या, मुलाचा निरोप घेऊन झाला, आणि काकूंचं तांदळाच्या पिठाचं गाठोडं घेतलं. काकू दिसेनात म्हणून मागे गेले तर त्या गडग्याशी ओणव्या झाल्या होत्या.

"तुमचो किडो हय इलो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दयाळाच्या फटीखाली, दोन वितीही नाही, तिरक्या चिऱ्याच्या आडोशाला अळी होती. शेपटाकडून दगडाला चिकटलेली, अंग आखडून जाड झालेली, कमरेभोवती रेशमाचा एक बारीक धागा. माडावर चढलेला माणूस दोराने स्वतःला बांधून मागे रेलतो, तशी. एक-दोन दिवसांत कात टाकून कोष होणार. हिरव्या फांदीवर असती तर कोष हिरवा झाला असता. इथे जांभ्यासारखा तांबूस-करडा होईल.

वरच्या फटीतून मादी बाहेर आली, तोंडात पांढरी पुरचुंडी. ती आमच्या डोक्यावरून गेली. अळीवरूनही.

ताईने कॅमेरा काढला नाही. काकूंनी जवळ पडलेलं माडाचं वाळकं झाप उचललं, गडग्याला तिरकं टेकवलं, मग मागे होऊन बघितलं आणि पुन्हा थोडं सरकवलं. दयाळाची वाट मोकळी राहील आणि अळीवर सावली पडेल, असं.

"आता नाय मारूचंय," त्या म्हणाल्या. "पण लिंबू नाय लागलो तर तुमकाच विचारतलंय."

गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला.